फोटो काढताना समोरचा माणूस अवघडतो, त्याला मोकळं कसं करायचं?

तुम्ही विचारलंय की एरवी मस्त गप्पा मारणारी माणसं कॅमेरा वर केला की एकदम ताठ होतात, त्यांचं काय करायचं. मी सांगलीत पोर्ट्रेट काढतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की 'रिलॅक्स व्हा', 'जरा हसा' हे म्हणायचंच बंद करा. असं म्हटलं की माणूस स्वतःच्या चेहऱ्याचा विचार करायला लागतो, मग ओठ हसतात पण डोळे तसेच राहतात.

त्यापेक्षा हाताला काम द्या. हात कुठं ठेवायचे कळत नाही म्हणून खांदे वर चढतात, मान आखडते. मिरजेत तंबोरे बनवणाऱ्या एका काकांचा फोटो काढायचा होता, नुसतं बसवलं तर पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे बसले. मग म्हटलं, काका, तुम्ही जवारी कशी लावता ते दाखवा की. जवारी म्हणजे तारेला येणारा तो गुंजणारा नाद. त्यांनी घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, जरा कानस मारली, तारेखाली दोरा घातला, तार छेडली, मान आपोआप एका बाजूला गेली, डोळे बारीक झाले, दोरा केसभर सरकवला, परत छेडली... आणि आवाज मनासारखा आला तसं वर माझ्याकडं बघितलं. तोच फोटो घेतला.

सेटिंगचा घोळ आधीच उरकून ठेवा. तुम्ही स्क्रीनकडं बघून आठ्या घातल्या की समोरच्याला वाटतं आपणच वाईट दिसतोय. लेन्स 85 एमएम असेल तर उत्तम, दीड-दोन मीटरवरून निवांत बोलता येतं. वाइड लेन्स तोंडाजवळ नेली तर नाक मोठं दिसतं आणि माणूस पण मागं सरकतो.

जागा निवडताना पण बघा. कृष्णेच्या घाटावर संध्याकाळी उजेड फार सुंदर असतो पण येणारे-जाणारे बघत थांबतात, लाजाळू माणसाला तिथं नेऊच नका, त्याच्या घरी दाराजवळ बसवा, बाजूनं येणारा उजेड पुरतो.

फोटो दाखवताना एक, माणसाला स्वतःचा चेहरा आरशातलाच सवयीचा असतो, फोटोत डावं-उजवं बदलतं, म्हणून चांगला फोटो पण त्याला विचित्र वाटतो. तेव्हा सगळे नका दाखवू, एखादाच निवडून दाखवा आणि त्यात काय आवडलं ते सांगा.

काही जण 'झालं' म्हणून मग गुपचूप काढतात, मला ते अजिबात पटत नाही. 'मुख्य फोटो झाले, आता सहज दोन-चार काढतो हं' असं सरळ सांगितलं तरी खांदे खाली येतातच.