पहिल्यांदाच लालपरीने नाशिकला निघालास, तर एवढं कर

आईला घेऊन ठाण्याहून साध्या एसटीने जातोयस, छान! घाबरू नकोस, सुरुवातीला दोन-तीन गोष्टी सांभाळल्या की पुरे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मधल्या थांब्यावर गाडीची वाट बघणं. सुट्टीच्या दिवशी तिथे गाडी भरूनच येते, मग कसाऱ्याचा घाट उभ्याने चढायचा. मी तो चढलेय, आईंना घेऊन तर नकोच. गाडी जिथून सुटते त्या आगारात जा. ठाण्यात खोपट आणि वंदना असे वेगवेगळे स्टँड आहेत, तेव्हा आपली गाडी नेमकी कुठून सुटते ते आदल्या दिवशी चौकशी खिडकीवर विचारून घे. पाटी वाचलीस तरी चढताना कंडक्टरला एकदा विचारच.

जागा मधली धर. मागच्या चाकावरची सीट खड्ड्यांत पाठ मोडते, आणि घाटात मळमळही मागेच जास्त होते. निघताना भरपेट खाऊ नका.

- तिकिटाला सुट्टे पैसे ठेव. घाटात रेंज गेली की मोबाईलवरून पैसे जात नाहीत.
- महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे, आईंसाठी ती मागून घे. वडील ७५ च्या पुढे असतील तर त्यांचा प्रवास मोफत. ओळखपत्र मात्र बॅगेत तळाशी नको, खिशात.
- गाडी जेवायला थांबली की उतरण्याआधी तिचा नंबर बघून ठेव. परत आल्यावर चार लालपऱ्या सारख्याच दिसतात!

आरक्षण, पास वगैरे पुढच्या खेपेला सांगेन. आधी एकदा जाऊन ये.