‘दिवसभर गेम खेळायचे आणि वर डॉक्टरेट?’

मागच्या अंकात कॉम्प्युटर गेमवरच्या संशोधनाबद्दल मी ओझरतं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेते. पहिल्याला जास्त जागा देतेय, कारण त्यातला वैताग अस्सल आहे.

प्रश्न : मुलगी समाजशास्त्रात एमए झाली, सेट पास आहे. आता पीएचडी करायची म्हणते आणि विषय काय, तर ‘बीजीएमआय खेळणाऱ्या निमशहरी मुली’. बीजीएमआय म्हणजे मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम, पबजीची भारतीय आवृत्ती. आमच्या पिढ्या यंत्रमागावर गेल्या. सूत, ऊस, पंचगंगेचं पाणी असे शंभर विषय दारात पडलेत. खेळावर कसली डॉक्टरेट? उद्या मुलाखतीला गेली तर लोक हसतील ना? — एक वडील, इचलकरंजी

हसतात. खोटं कशाला सांगू? माझ्या एका विद्यार्थ्याच्या व्हायव्हात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला, ‘म्हणजे तुम्ही दिवसभर खेळायचात आणि आम्ही डॉक्टरेट द्यायची?’ पोरगा शांतपणे म्हणाला, ‘सर, तमाशावर संशोधन करणाऱ्याला आपण फडावर नाचलात का, असं विचारत नाही.’ मग चर्चा रंगली.

हा विषय कालपरवाचा नाही. योहान हाउझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली खेळ आणि संस्कृती यांच्या नात्यावर आख्खा ग्रंथ लिहिला. कॉम्प्युटर गेमपुरतं बोलायचं, तर २००१ साली ‘गेम स्टडीज’ हे जर्नल सुरू झालं, २००३ मध्ये ‘डिग्रा’ ही संशोधकांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. सुरुवातीला साहित्यवाले आणि बाकीचे यांच्यात जुंपली होती. गेम ही वाचायची गोष्ट की नियमांनी चालणारं यंत्र, यावर निबंधामागून निबंध पडले. तो वाद मला कधीच फारसा रुचला नाही. खरी गंमत दुसऱ्याच खात्यांतली माणसं आत शिरली तेव्हा झाली.

एकच उदाहरण नीट सांगते. सप्टेंबर २००५. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा लाखो लोक एकाच वेळी खेळायचे असा गेम. त्यात एक नवा बंदिस्त भाग उघडला. आतला राक्षस हक्कार खेळाडूंवर ‘दूषित रक्ता’चा शाप टाकायचा. तो जवळ उभ्या असलेल्याला लागायचा आणि तिथून बाहेर पडलं की उतरायचा, अशी कंपनीची योजना. पण शिकारी खेळाडूंचे पाळीव प्राणी हिशेबात धरायचे राहून गेले. लागण झालेला प्राणी खेळाडूने परत पाठवला आणि शहरात जाऊन पुन्हा बोलावला, की तो आजारासकट हजर! बाजारातले दुकानदार म्हणजे कॉम्प्युटरने चालवलेली पात्रं. त्यांना लागण व्हायची, पण ती मरायची नाहीत, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मात्र द्यायची. नवखे खेळाडू शहरात पाऊल टाकताच आडवे. रस्तोरस्ती सांगाड्यांचा खच. कंपनीने विलगीकरण करून पाहिलं, कोणी जुमानलं नाही. शेवटी सर्व्हर नव्याने चालू करावे लागले.

साथरोगतज्ज्ञांचे कान इथे टवकारले. एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी २००७ मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’ या वैद्यकीय नियतकालिकात यावर लेख लिहिला. काही खेळाडू स्वतः मरण्याचा धोका पत्करून इतरांना बरं करत फिरत होते, काही खेडोपाडी पळाले, काहींनी मुद्दाम लागण पसरवली. आणि काही जण नुसते बघायला शहरात गेले आणि आजार घेऊन परतले. साथीच्या गणितात हा ‘बघायला जाणारा’ माणूस सहसा धरलेलाच नसतो. २०२० नंतर तुम्हाआम्हाला तो कोण, हे सांगायला नको. अर्थात गेममध्ये मेलेला माणूस पुन्हा उठतो, त्यामुळे तिथली बेफिकिरी जशीच्या तशी खऱ्या जगाला लावता येत नाही. तरीही माणसांवर करता न येणारा प्रयोग इथे आपोआप घडून गेला होता, आणि तो वाचायला साथरोगाचं शास्त्र लागलं. गेम डिझायनरच्या लेखी ती निव्वळ गडबड होती.

अर्थशास्त्राचंही तसंच. एडवर्ड कास्ट्रोनोव्हा या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने २००१ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ या गेममधल्या नॉरॅथ नावाच्या काल्पनिक जगाचा हिशेब मांडला. खेळाडू तिथलं चलन आणि वस्तू बाहेर खऱ्या डॉलरला विकत होते. त्या दरांवरून त्याने नॉरॅथचं दरडोई उत्पन्न काढलं, तर ते रशिया आणि बल्गेरिया यांच्या मध्ये बसलं.

मेंदूवाल्यांनी तर गेमच तयार करून घेतला. २०१६ चा ‘सी हीरो क्वेस्ट’ खेळायला सोपा. आधी नकाशा दाखवतात, त्यावर क्रमांक घातलेली ठिकाणं. मग नकाशा काढून घेतात आणि आठवणीवर होडी हाकायची. चाळीस लाखांवर लोकांनी तो मोबाइलवर खेळला. त्यातल्या ३८ देशांतल्या जवळपास चार लाख लोकांच्या माहितीवरून २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आला : शिकागोसारख्या काटकोनी रस्त्यांच्या शहरांत वाढलेल्यांना वाट शोधणं सरासरीने जड जातं, वेड्यावाकड्या रस्त्यांत किंवा शहराबाहेर वाढलेल्यांना सोपं. कुठल्या प्रयोगशाळेत चार लाख माणसं रांगेत उभी करणार होतात?

आता लेकीच्या विषयाकडे. तो मला आवडला, पण आहे त्या रूपात तो आरआरसीत, म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीत, टिकणार नाही. ‘निमशहरी मुली’ हा प्रश्न नव्हे, ती नुसती गर्दी झाली. तिला म्हणावं, एक ठिकाण पकड. उदाहरणार्थ, गेममध्ये बोलायचा माइक. बीजीएमआयमध्ये चौघांचं स्क्वॉड असतं आणि बोलल्याशिवाय खेळ जमत नाही. मुलगी आहे हे आवाजावरून कळलं की पुढे काय होतं? जगभरच्या संशोधनात बायका माइक बंद ठेवतात किंवा पुरुषी वाटेल असं नाव घेतात, हे वारंवार नोंदवलं गेलंय. इचलकरंजीची मुलगी काय करते? घरातल्यांना ऐकू जाईल म्हणून गप्प बसते, की समोरच्या पोरांमुळे? या दोन गप्प बसण्यांत फरक आहे, आणि तो शोधून काढायला प्रबंध लागेल.

दुसरं, ‘रोज किती वेळ खेळतेस?’ या प्रश्नावर प्रबंध उभारू नकोस म्हणावं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दोन गेमच्या कंपन्यांकडून खेळाडूंच्या खऱ्या वेळेच्या नोंदी मिळवल्या. खेळाडूंनी स्वतः सांगितलेले तास त्या नोंदींशी जुळेनात. आपल्याकडे तर विचारणारी ताई आणि शेजारी बसलेली आई बघून उत्तर बदलणार! मोबाइलमधली स्क्रीन टाइमची नोंद मुलीच्या संमतीने बघावी, आणि मुली अठराच्या आतल्या असतील तर पालकांची लेखी संमती आधी. एथिक्स कमिटी ते विचारणारच. शिवाय पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, वर्षभराने तोही हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. त्या मधल्या काळात या मुलींनी काय केलं, हे आत्ताच विचारून ठेवायला हवं. पुढे कोणाला आठवणार नाही.

नोकरीचं म्हणाल, तर प्राध्यापकाच्या जागाच निघत नाहीत हे खरं दुखणं आहे, आणि ते उसावर पीएचडी केली तरी सुटत नाही. पण लोक स्क्रीनसमोर प्रत्यक्षात कसे वागतात हे शास्त्रशुद्ध बघता येणारी माणसं सॉफ्टवेअर आणि गेमच्या कंपन्यांना हवी असतात. लेकीला बसू द्या, दादा. आणि एकदा तिच्या शेजारी बसून खेळ बघा.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. मारामारीच्या गेममुळे मुलं हिंसक होतात, असं प्रत्येक पालकसभेत ऐकते. संशोधन नेमकं काय म्हणतं? आणि ‘गेमिंगचं व्यसन’ हा खरंच आजार आहे का? — एक शिक्षिका, नाशिक

दोन वेगळे प्रश्न आहेत, पालकसभेत त्यांची खिचडी होते.

हिंसेबद्दल. ऑक्सफर्डच्या २०१९ च्या अभ्यासात १४-१५ वर्षांची हजारेक ब्रिटिश मुलं होती. गेम किती हिंसक हे मुलांना विचारलं नाही, अधिकृत वर्गवारीवरून ठरवलं. मूल किती आक्रमक हे पालकांना विचारलं. आणि माहितीचं विश्लेषण कसं करायचं ते आधीच जाहीर करून ठेवलं, म्हणजे मागाहून आकडे वळवायची सोय नाही. दोन्हींत संबंध आढळला नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची भूमिका थोडी वेगळी आहे : ओरडणं, ढकलणं अशा वागण्याशी बारीकसा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही, असं तिने २०२० मध्ये स्पष्ट केलं. माझं मत विचाराल, तर वर्गातल्या मारामारीचं कारण आधी वर्गात आणि घरात शोधावं.

आजाराबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली, तीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. पण खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि हे साधारण बारा महिने चाललेलं असणं, असं सगळं त्यात धरलंय. परीक्षेच्या आदल्या रात्री खेळला म्हणून कोणी रुग्ण होत नाही. खरंच हाताबाहेर गेलं असेल, तर बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत ‘शट क्लिनिक’ २०१४ पासून याचंच काम करतंय.

प्रश्न : मी आयटीत आहे. गेमवर संशोधन करायचं तर कोडिंग यायलाच हवं का? सुरुवात कुठून करू? — एक वाचक, फोंडा

नाही. तुम्हाला येतं हा फायदा, पण तुमचं अडणार आहे ते लिहिण्यापाशी. ‘गेम स्टडीज’ जर्नल इंटरनेटवर फुकट वाचता येतं, तिथून सुरू करा. भारतीय बाजू समजून घ्यायला कोलकात्याचे सौविक मुखर्जी यांचं काम वाचा. वसाहतवाद आणि व्हिडिओ गेम हा त्यांचा प्रांत. संशोधनापेक्षा गेम घडवण्याकडे ओढा असेल, तर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळुरू केंद्रात गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. पुण्यात तयार झालेला २०२० चा ‘राजी’ हा गेम खेळला नसाल तर खेळा. खेळताना शेजारी वही ठेवा आणि कुठे अडलात, कुठे कंटाळलात ते लिहा. ही सवय नसलेला संशोधक मी घेत नाही.

प्रश्न : आमच्या आजेसासूबाई मोक्षपट, म्हणजे जुनी सापशिडी, खेळायच्या. तो ज्ञानेश्वर माउलींनी काढला असं म्हणत. खरं का? यावर कोणी अभ्यास केलाय? — एक आजी, सातारा

केलाय, आणि तोही डेन्मार्कमधून! याकोब श्मिट-मॅडसन यांनी कोपनहेगन विद्यापीठात २०१९ मध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या पश्चिम भारतातल्या या खेळावरच पीएचडीचा प्रबंध दिला. (इचलकरंजीकर, वाचताय ना?) माउलींचं नाव परंपरेने जोडलेलं आहे, त्यांच्या काळातला पुरावा मात्र हाती नाही. टिकलेले पट बरेच नंतरचे. वैष्णव पट बहुधा ७२ घरांचे, जैन पट ८४ घरांचे. पुण्याईच्या शिड्या, पापाचे साप, वर वैकुंठ. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो उचलला आणि हळूहळू त्यातून मोक्ष गळून नुसती सापशिडी उरली.

तुमच्या घरी जुना पट शिल्लक असेल, आजी, तर त्याला लॅमिनेशन करू नका आणि चिकटपट्टीही लावू नका. सपाट ठेवा, दिवसाच्या उजेडात प्रत्येक घरातली अक्षरं वाचता येतील असे फोटो नातवाकडून काढून घ्या, आणि आजेसासूबाई कवड्या कशा मोजायच्या, किती पडल्या की सोंगटी बसायची, हे आठवेल तसं लिहून ठेवा. पट संग्रहालयांत सापडतात. घराघरांतले नियम कुठेच लिहिलेले नसतात.