दुसऱ्या भागात ड्रॅगन गेला कुठे?

गेल्या अंकात मी ख्रिस्तोफर पाओलिनी यांच्या ‘एल्डेस्ट’बद्दल तुमची मतं आणि शंका मागवल्या होत्या. ‘एरागॉन’ या कादंबरीचा हा दुसरा भाग ऑगस्ट २००५ मध्ये आला. शेतावर वाढलेला एरागॉन, त्याची निळी ड्रॅगन साफिरा, त्यांच्या मागावर असलेला राजा गॅल्बटोरिक्स आणि जंगलात राहणारे, जादू जाणणारे एल्फ, एवढं ठाऊक असलं की पुढचं कळेल. उत्तरांत शेवटही आला आहे. पुस्तक अजून वाचायचं असेल, तर हे पान नंतर उघडा.

प्रश्न : पहिला भाग दोन दिवसांत संपवला. दुसऱ्यात मात्र अडकले आहे. एरागॉन आणि साफिरा एल्फांच्या जंगलात नुसते शिकत बसलेत आणि मध्येमध्ये त्या रोरानची प्रकरणं. ती गाळून पुढे जाऊ का?

गाळू नका. मी गाळली होती. पहिल्या वाचनात रोरानचं नाव दिसलं की मी पानं उलटून साफिराकडे जायचे. काही वर्षांनी हेच पुस्तक भाचीला रोज रात्री वाचून दाखवायला घेतलं. एरागॉनचं प्रकरण लागलं की ती कूस बदलायची आणि म्हणायची, “मावशी, आधी रोरानचं काय झालं ते सांग.” तिच्यामुळे ती प्रकरणं मी पहिल्यांदा शब्द न शब्द वाचली, तीही मोठ्याने. या पुस्तकाचा जीव तिथे आहे असं मला तेव्हापासून वाटतं.

रोरान हा एरागॉनचा मामेभाऊ. एरागॉनला ड्रॅगनचं अंडं सापडलं, म्हणून राजाचे सैनिक आणि त्याचे ते भयंकर हस्तक राझॅक कारवाहॉल गावात येतात, रोरानला धरायला. अंडं सापडलं एकाला आणि घर जळलं दुसऱ्याचं. रोरानचं जिच्यावर प्रेम आहे त्या कतरिनाचा बाप स्लोन, गावचा खाटीक, पहाऱ्यावरच्या माणसाला मारून फितूर होतो आणि राझॅक कतरिनाला उचलून नेतात. त्यानंतर रोरान अख्खं गाव उठवतो. म्हातारे, लेकुरवाळ्या बाया, सगळे स्पाइनचे डोंगर ओलांडतात आणि टीर्मच्या बंदरातून जहाज पळवतात. त्याच्याकडे मंत्र नाही, ड्रॅगन नाही, एक हातोडा आहे. आपल्या हातून किती माणसं मेली याचा आकडा तो मनात धरून असतो. तो आकडा वाचताना माझा आवाज दर वेळी खाली यायचा. शेवटच्या लढाईत जादूगार जुळ्यांना मारतो तो हाच, त्याच हातोड्याने. आणि एरागॉन समोर येतो तेव्हा आधी त्याला एक ठोसा लगावतो. एरागॉन तो चुकवू शकला असता. चुकवत नाही. मामा आपल्यामुळे गेला, हे त्याला माहीत आहे.

जंगलातलं शिक्षण लांबलंय, ही तक्रार रास्त आहे. तरीही एल्फ गुरू ओरोमिस एरागॉनला रोज झाडीत एकटं बसवून भोवतालचे जीव ऐकायला सांगतो आणि तो मुंग्यांच्या मागे लागतो, तो भाग घाईने वाचू नका. पाठीच्या जखमेने दिवसातून अनेकदा जमिनीवर लोळणारा स्वार आणि त्याच्या वेदनेत सामील असलेली साफिरा, हेही मला खरं वाटलं. खटकतं ते पुढचं. उत्सवाच्या एका रात्रीत जुनी जादू ती पाठ बरी करते, वर त्याला एल्फांची ताकदही देऊन जाते. इतकी पानं सोसलेलं दुखणं असं फुकट संपायला नको होतं.

प्रश्न : म्हातारा गुरू, रानातलं शिक्षण, शेवटी नात्याचं रहस्य. सगळं उसनं नाही का?

सांगाडा ओळखीचा आहे, मान्य. स्वार आणि ड्रॅगन यांची मनं जोडलेली असणं हेही नवं नाही; अ‍ॅन मॅककॅफ्री यांच्या ‘ड्रॅगनफ्लाइट’मध्ये ते १९६८ सालीच आहे. पण हा भाग आला तेव्हा लेखक २१ वर्षांचे होते, आणि रोरानची प्रकरणं उसनी वाटत नाहीत.

प्रश्न : एल्वाचं पटत नाही. एका अक्षराने कुणाचं आयुष्य असं बिघडतं का?

‘ध’चा ‘मा’ ज्या भाषेत प्रसिद्ध आहे तिच्या वाचकांना हे पटायला हवं! फरक इतकाच की आनंदीबाईंच्या नावावरची ती गोष्ट कपटाची आहे आणि इथे एरागॉनच्या मनात निव्वळ माया आहे. तान्ह्या एल्वाला त्याला आशीर्वाद द्यायचा होता, ‘संकटांपासून तुझं रक्षण होवो.’ प्राचीन भाषेत, म्हणजे तिथल्या जादूच्या भाषेत, ‘स्कोलिरो’ म्हणायला हवं होतं. त्याने ‘स्कोलिर’ म्हटलं. शेवटचा ओकार राहिला आणि अर्थ झाला, ‘तू संकटांपासून रक्षण करणारी ढाल हो.’ त्या भाषेत बोललेलं खरं होतं. म्हणून जवळपासच्या प्रत्येकाचं दुखणं त्या पोरीला आधी कळतं आणि ते निवारायला तिला धावावंच लागतं. वयाने तान्ही, दिसायला चारेक वर्षांची, आवाज मोठ्या बाईचा. एरागॉन व्याकरण शिकतो तेव्हा कुठे त्याला आपली चूक समजते. सगळ्या पुस्तकात मला सर्वांत जास्त हलवून गेलं ते हे.

प्रश्न : मी सातवीत आहे. मर्टाग आणि त्याचा लाल ड्रॅगन थॉर्न वाईट आहेत का?

नाही रे. मर्टाग पहिल्या भागात एरागॉनचा सोबती होता. आता राजाने दोघांकडून प्राचीन भाषेत शपथा वदवून घेतल्या आहेत आणि त्या त्यांना मोडता येत नाहीत. तो लढाईचा प्रसंग पुन्हा वाच. मर्टाग एरागॉनला हरवतो, त्याची तलवार घेतो आणि त्याला पकडून न नेता सोडून देतो. हुकमातली फट शोधून तो एवढंच करू शकत होता, आणि तेवढं त्याने केलं. थॉर्न तर अंड्यातून बाहेर आला तोच कैदेत. त्या दोघांवरच ‘मर्टाग’ नावाची वेगळी कादंबरी २०२३ मध्ये आली आहे. पण मधले दोन भाग, ‘ब्रिसिंगर’ आणि ‘इन्हेरिटन्स’, आधी वाच. ते झाले की थॉर्नबद्दल तुला काय वाटतं ते मला लिही.