रेस्पिरेटरी थेरपीची पदवी : प्रवेशाआधीचे प्रश्न

बी.एस्सी. रेस्पिरेटरी थेरपी या अभ्यासक्रमाबद्दल आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत. उत्तरं दिली आहेत ती हा विषय शिकवणाऱ्या आणि आयसीयूत काम करणाऱ्या सल्लागारांनी.

बारावी सायन्सला आहे, पीसीबी ग्रुप. एमबीबीएसला नंबर लागेलसं वाटत नाही. रेस्पिरेटरी थेरपिस्ट नेमकं काय करतो? पात्रता काय लागते?
– एक विद्यार्थिनी, कराड

ज्या पेशंटचा श्वास स्वतःच्या बळावर पुरा पडत नाही, त्याच्या उशाशी उभं राहून करायचं हे काम आहे. व्हेंटिलेटर लावणं, डॉक्टरांशी बोलून त्याची सेटिंग्ज बदलणं, धमनीतून रक्त घेऊन एबीजी (रक्तातल्या वायूंची आणि आम्लतेची तपासणी) करणं आणि तो वाचणं, श्वासनलिकेतली नळी सांभाळणं, सक्शन (कफ ओढून काढणं), नेब्युलायझेशन (औषधाचा फवारा श्वासातून देणं), पीएफटी (फुप्फुसांच्या कार्यक्षमतेची चाचणी), ब्रॉन्कोस्कोपीत (दुर्बिणीने श्वासनलिका तपासण्यात) मदत, आणि घरी बायपॅप (मास्कमधून श्वासाला आधार देणारं मशीन) घेऊन जाणाऱ्या पेशंटच्या घरच्यांना मशीन शिकवणं. ॲनेस्थेशिया टेक्निशियनचं काम मुख्यतः ऑपरेशन थिएटरमध्ये चालतं. फिजिओथेरपिस्ट छातीचे व्यायाम आणि कफ मोकळा करण्याचं काम करतो. व्हेंटिलेटरकडे रात्रंदिवस लक्ष ठेवणं हा रेस्पिरेटरी थेरपिस्टचा प्रांत.

पदवी साधारण चार वर्षांची असते, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. बहुतेक ठिकाणी विज्ञान विषयांत मिळून 50 टक्क्यांची अट असते, राखीव गटांना सवलत असते. मणिपाल, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि कोचीचं अमृता या ठिकाणी हा अभ्यासक्रम आहे. आपल्याकडे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी ही पॅरामेडिकल पदवी आहे, पण तिच्यात बऱ्याच शाखा आहेत. फॉर्म भरताना शाखेचं नाव शब्दन् शब्द वाचा. ‘पॅरामेडिकल’ एवढ्यावर विसंबून प्रवेश घेतला आणि पुढे शाखा भलतीच निघाली, असं व्हायला नको.

‘एमबीबीएस नाही म्हणून हे’ एवढ्याच कारणावर मात्र येऊ नका. नाइट ड्यूटी आहे, कफ उपसणं आहे, डोळ्यांदेखत पेशंट जाणं आहे. जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या छातीविकार विभागात परवानगी काढून एक दिवस काम बघा. तिथून बाहेर पडताना हे आपल्याला जमेल असं वाटलं, तर बिनधास्त फॉर्म भरा.

मुलीसाठी तीन-चार कॉलेजं बघतोय. सगळ्यांची माहितीपत्रकं सारखीच वाटतात. निवड कशावरून करायची?
– एक पालक, लातूर

माहितीपत्रक घरी ठेवा आणि हॉस्पिटल बघायला जा. हा कोर्स वर्गात शिकता येत नाही. पहिला प्रश्न असा विचारा : आयसीयू कॉलेजच्या स्वतःच्या हॉस्पिटलचं आहे, की दुसऱ्या हॉस्पिटलशी करार आहे? करार असेल तर विद्यार्थ्यांना पेशंटला हात लावू देतात, की भिंतीशी उभं करून ठेवतात, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. ऑफिसात याचं खरं उत्तर मिळणार नाही. कँटीनमध्ये मिळेल.

मग हे बघा. शिकवणाऱ्यांत स्वतः रेस्पिरेटरी थेरपीची पदवी घेतलेले पूर्णवेळ शिक्षक किती आहेत? छातीविकाराचे डॉक्टर शिकवायला हवेतच, पण मशीनवरची रोजची कामं शिकवणारा माणूस याच शाखेतला लागतो. नवजात बाळांचा आयसीयू आहे का? दीड किलोच्या बाळाचा सीपॅप (सतत थोड्या दाबाने हवा देणारं मशीन) आणि मोठ्या माणसाचा व्हेंटिलेटर ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, आणि जिथे बाळांचा विभागच नाही तिथली मुलं यात कच्ची राहतात. पीएफटी लॅब रोज चालते की कुलपात असते? एबीजी मशीन आयसीयूत आहे की तळमजल्यावरच्या लॅबमध्ये? एकाच कंपनीचे व्हेंटिलेटर आहेत की दोन-तीन? कंपनीगणिक बटणांची आणि मोडची नावं बदलतात. एकच मशीन पाहिलेला मुलगा नव्या नोकरीत पहिले काही आठवडे चाचपडतो.

इंटर्नशिपमध्ये स्टायपेंड मिळतो की उलट फी घेतात, तेही लेखी विचारा. शेवटी कागद. पदवी कोणतं विद्यापीठ देणार आणि गुणपत्रिकेवर अभ्यासक्रमाचं नाव काय छापून येणार? 2021 साली केंद्राने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात राज्याराज्यांत नोंदणीची तरतूद आहे. ज्या पदवीवर नोंदणी होणार नाही, ती कितीही स्वस्त असली तरी महागच पडते. ‘एका वर्षात व्हेंटिलेटर टेक्निशियन, घरबसल्या’ अशा जाहिरातींपासून चार हात लांब राहा. व्हेंटिलेटर घरबसल्या शिकता येत नाही.

फिजिक्स पास होण्यापुरतंच केलंय, गणित अकरावीलाच सोडलं. कोर्समध्ये गणित किती असतं? मुलाखतीत काय विचारतात?
– एक विद्यार्थी, चाळीसगाव

गुणाकार-भागाकारापलीकडे फारसं नसतं. पण ते पेशंटच्या शेजारी, घाईत, न चुकता करायचं असतं. उदाहरणं घेऊ.

ॲम्ब्युलन्समध्ये बी-टाइप सिलिंडर आहे. त्याची पाण्याच्या मापाने क्षमता (आत पाणी भरलं तर मावेल एवढी) 10 लिटर. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा 150 बारवर (बार हे दाबाचं एकक) असेल तर आत 10 गुणिले 150, म्हणजे साधारण 1,500 लिटर ऑक्सिजन. हाच बॉइलचा नियम : दाब जितका कमी, तितकी वायूला जागा जास्त. आता काटा 60 वर आहे आणि पेशंटला मिनिटाला 10 लिटर चालू आहे. एकूण 600 लिटर. शेवटचे 20 बार राखीव धरायचे, म्हणजे वापरायला 400 लिटर, म्हणजे 40 मिनिटं. चाळीसगावहून धुळ्याला पोचायला तासभर तरी लागतो. तेव्हा दुसरा सिलिंडर चढवल्याशिवाय गाडी सुटता कामा नये. गेज पीएसआय या दुसऱ्या एककात असेल तर आधी 14.5 ने भागायचं. ते विसरलं की सिलिंडर चौदा पट भरलेला वाटतो.

दुसरं उदाहरण व्हेंटिलेटरचं. पेशंट पुरुष, उंची 165 सेंटिमीटर, वजन 95 किलो. एका श्वासाला किती हवा द्यायची? किलोमागे 6 मिली धरून वजनाला गुणलं तर 570 येतात आणि इथेच घोळ होतो. अंगावर चरबी चढली म्हणून फुप्फुस मोठं होत नाही. ते उंचीच्या प्रमाणात असतं. म्हणून उंचीतून 152.4 वजा करायचे, उरलेल्याला 0.91 ने गुणायचं, आणि पुरुष असेल तर 50, बाई असेल तर 45.5 मिळवायचे. इथे 12.6 गुणिले 0.91 म्हणजे साधारण 11.5, अधिक 50, म्हणजे उंचीवरून काढलेलं वजन 61.5 किलो. त्याला किलोमागे 6 मिली धरले की सुमारे 370 मिली. आधीच आजारी असलेल्या फुप्फुसात दर श्वासाला 200 मिली जास्त कोंबले, तर मशीनच फुप्फुसाला इजा करतं. टेप घेऊन पेशंटची उंची मोजणं हे कोर्समध्ये फार लवकर शिकवतात, ते यासाठी.

तिसरं उदाहरण वायुकोशांतल्या (फुप्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांतल्या) ऑक्सिजनच्या दाबाचं. ते जरा पुढचं, पण मुलाखतीत सांगता आलं तर समोरचा खूश होतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याचे 760 मिलिमीटर. फुप्फुसात हवा ओली होते, त्या वाफेचे 47 वजा केले की 713. हवेत ऑक्सिजन 21 टक्के, म्हणून त्याच्या 21 टक्के म्हणजे 150. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे 40 भागिले 0.8 (सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि घेतलेला ऑक्सिजन यांचं प्रमाण), म्हणजे 50 वजा केले, की वायुकोशांत ऑक्सिजनचा दाब 100 येतो. हे मुंबईचं झालं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर, तिथे हवेचा दाब साधारण 710. तेच गणित केलं की उत्तर 89 येतं, आणि रक्तातला दाब त्याहून थोडा कमीच असतो. म्हणजे पुण्यातल्या धडधाकट माणसाच्या एबीजीत ऑक्सिजन 82 आला तर घाबरायचं कारण नाही. पुस्तकातला 100 आकडा समुद्रकाठचा आहे.

राज्य मंडळाचा बारावीचा अभ्यासक्रम असेल तर चार धडे घोटून घ्या. फिजिक्समधले ‘मेकॅनिकल प्रॉपर्टीज ऑफ फ्लुइड्स’ आणि ‘कायनेटिक थिअरी ऑफ गॅसेस अँड रेडिएशन’, केमिस्ट्रीतला ‘आयॉनिक इक्विलिब्रिया’, बायोलॉजीतला ‘रेस्पिरेशन अँड सर्क्युलेशन’. बफर आणि पीएच समजला की एबीजी अर्धा समजला. व्हेंचुरी (अरुंद तोंडातून वेगाने सुटणारा वायू बाजूची हवा ओढतो, तो परिणाम) तर थेट मास्कच्या रूपात भेटेल. 28 टक्क्यांच्या व्हेंचुरीत ऑक्सिजनच्या एका भागामागे हवेचे दहा भाग ओढले जातात, म्हणून 4 लिटर ऑक्सिजन सोडला की पेशंटला मिनिटाला 44 लिटर मिश्रण मिळतं. वॉर्डात हमखास होणारी चूक अशी : थंडी वाजते म्हणून नातेवाईक पांघरूण वर ओढतात, मास्कच्या नळीवरच्या खिडक्या झाकल्या जातात, हवा ओढली जात नाही. मग ऑक्सिजनची टक्केवारी वाढते आणि एकूण प्रवाह घटतो. जुन्या सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या) पेशंटला हा जास्तीचा ऑक्सिजन बाधू शकतो.

मुलाखतीत पाठांतराचे प्रश्नही असतात. रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45, कार्बन डायऑक्साइडचा दाब 35 ते 45, बायकार्बोनेट 22 ते 26, मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला 12 ते 20. शेंगदाणा घशातून खाली गेला तर बहुधा उजव्या फुप्फुसात का जातो? उजवी श्वासवाहिनी जास्त रुंद आणि सरळ असते म्हणून. श्वासनलिकेतली नळी जास्त खोल गेली तर तीही उजवीकडेच शिरते आणि डाव्या बाजूला हवा जात नाही. हा दुसरा भाग कुणी न विचारता सांगितलात, तर विषय समजून आला आहात हे दिसतं.

कागदपत्रं कधीपासून जमवायची?
– एक विद्यार्थिनी, गडहिंग्लज

अकरावीपासून. जातीचा दाखला असला तरी जात वैधता प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं आणि त्याला महिने लागतात. तो अर्ज कॉलेजमार्फत बारावीच्या सुरुवातीलाच करा. नॉन-क्रिमिलेअर दाखल्याची मुदत प्रवेशाच्या वर्षाची आहे ना, ते बघा. वय-अधिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि आधारवर नाव एकसारखं आहे का, हे आजच ताडून पाहा. आईचं नाव, आडनावाचं स्पेलिंग, या दोन जागी बहुतेक अर्ज अडकतात.

2024-25 पासून राज्यात आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. अभिमत विद्यापीठ किंवा मॅनेजमेंट कोटा यात बसत नाही. फीचा हिशेब करताना हे आधी तपासा.

आणि एक गोष्ट सगळे विसरतात : हिपॅटायटिस बीची लस. तिचे तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांना असतात. प्रवेश झाल्यावर सुरू केली तर पहिल्या पोस्टिंगपर्यंत पुरी होत नाही. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्ततपासणी करून अँटिबॉडी 10 mIU/mL च्या वर आहेत याची खात्री करा आणि रिपोर्ट जपून ठेवा.

मला लहानपणापासून दमा आहे. मला हा कोर्स झेपेल का?
– एक विद्यार्थी, रत्नागिरी

दमा आटोक्यात असेल तर झेपेल. रोजचा इन्हेलर चुकवायचा नाही, आणि प्रवेशाआधी छातीच्या डॉक्टरांकडून पीएफटीसह फिटनेस सर्टिफिकेट घ्यायचं. धोका आहे तो ग्लुटराल्डिहाइडचा. ब्रॉन्कोस्कोप निर्जंतुक करायला हे द्रावण वापरतात आणि त्याच्या वाफेने दमा उसळू शकतो. विभागप्रमुखांना पहिल्याच आठवड्यात सांगा, म्हणजे साफसफाईच्या खोलीतली ड्यूटी बदलून मिळेल. लेटेक्सचे हातमोजे सोसत नसतील तर नायट्राइलचे मागा. लपवून ठेवणं मात्र तुमच्याच जिवावर बेतेल.

आम्ही टेक्सासमध्ये राहतो. भाची पुण्यात बारावीला आहे. तिने तिथे पदवी घेऊन इकडे काम करायचं ठरवलं तर?
– एक वाचक, ह्यूस्टन

अमेरिकेत काम करायचं ठरलेलंच असेल तर शिक्षणही अमेरिकेत घेतलेलं बरं. तिथली एनबीआरसी या परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची परीक्षा द्यायला सर्वसाधारणपणे कोआर्क या संस्थेने मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमाची पदवी लागते, आणि आरआरटी (रजिस्टर्ड रेस्पिरेटरी थेरपिस्ट) हा दर्जा त्या परीक्षांतून मिळतो. तिथल्या कॉलेजांत थेट रेस्पिरेटरी थेरपीला न घेता आधी काही विषय पुरे करायला लावतात : ॲनाटमी आणि फिजिऑलॉजीचे लॅबसह दोन भाग, मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री, कॉलेज अल्जिब्रा. त्यातले गुण निवडीत धरले जातात, म्हणून हे विषय रेटून नेऊ नयेत. कॉलेज निवडताना कोआर्कच्या यादीत त्याचं नाव बघावं आणि जाहीर केलेला निकाल वाचावा.

आखाती देशांचं वेगळं आहे. तिथे भारतीय पदवी चालते, पण डेटाफ्लो या पडताळणी कंपनीमार्फत कागदपत्रांची थेट विद्यापीठाकडून पडताळणी होते आणि प्रोमेट्रिक या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर संगणकावर परीक्षा द्यावी लागते. अनुभवाची अट असते. तेव्हा भाचीला सांगा, इंटर्नशिपचा दाखला आणि पुढच्या नोकऱ्यांचे दाखले हॉस्पिटलच्या लेटरहेडवर, रुजू झाल्याच्या आणि सोडल्याच्या तारखांसह घेत जा. तारीख नसलेला दाखला पडताळणीत परत येतो, आणि तोवर तो देणारा अधिकारी बदलून गेलेला असतो.