पाण्याच्या रेणूत तीन अणू, मग हिंदीत 'अणु में तीन परमाणु' कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाची दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती, आता एफवायबीएस्सीला सगळं इंग्रजीतून, डोक्यावरून जातं म्हणून यूट्यूबवर हिंदी लेक्चर लावते. तिथले सर सांगतात 'जल के एक अणु में तीन परमाणु होते हैं' आणि तिच्या जुन्या वहीत लिहिलंय पाण्याच्या एका रेणूत तीन अणू असतात. मग चुकलं कोण, आणि अणू म्हणजे ॲटम की मॉलिक्यूल?

कुणीच चुकलेलं नाही हो. मराठीत अणू म्हणजे ॲटम, रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत परमाणु म्हणजे ॲटम आणि अणु म्हणजे मॉलिक्यूल. शिडी तीच आहे, फक्त दोन्ही भाषा एकेक पायरी सोडून उभ्या राहिल्यात आणि 'अणू' हा शब्द दोघींनी वेगवेगळ्या पायरीवर ठेवलाय. आपलं भाभा अणुसंशोधन केंद्र हिंदीत परमाणु अनुसंधान केंद्र होतं ते यामुळेच, ट्रॉम्बेची जागा तीच, काम तेच.

ऐकायला किरकोळ वाटतं पण मी स्वतः यात तोंडावर आपटलोय. खूप वर्षांपूर्वी रक्तावरचा एक छोटा हिंदी लेख मराठीत करून दिला होता, त्यात वाक्य होतं की हीमोग्लोबिन का एक अणु ऑक्सीजन के चार अणुओं को ले जाता है. मी 'का'चं 'चा' केलं, 'चार अणुओं'चं 'चार अणू' केलं आणि मोकळा झालो. छापून आल्यावर एका निवृत्त केमिस्ट्रीच्या बाईंचं पोस्टकार्ड आलं, की अहो तुम्ही रक्तातला निम्मा प्राणवायू गायब केलात. बरोबरच होतं त्यांचं. हिमोग्लोबिनचा एक रेणू प्राणवायूचे चार *रेणू* वाहून नेतो, प्राणवायूच्या एका रेणूत दोन अणू, म्हणजे अणू आठ झाले, आणि मी लिहिले चार. बरं हिमोग्लोबिनला 'अणू' म्हणणं तर त्याहून वाईट, त्या एकेका रेणूत नऊ हजारांच्या वर अणू असतात आणि त्यातले लोखंडाचे फक्त चार. तेव्हापासून हिंदीतून काही करायला घेतलं की मी आधी अणु शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारतो.

आता हे शब्द आले कुठून. वैशेषिक म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तत्त्वज्ञानातला एक पंथ, त्यांची मांडणी अशी की सगळ्यात बारीक, ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत तो परमाणू, दोन परमाणूंचं द्व्यणुक, आणि तीन द्व्यणुकांचा त्र्यणुक, त्यालाच त्रसरेणू असंही म्हणतात. हा त्रसरेणू म्हणजे काय तर झरोक्यातून उन्हाची तिरीप आत आली की तिच्यात जे कण तरंगताना दिसतात ना, ते. मनुस्मृतीत वजनमापं सांगताना सुरुवातच या कणापासून केलीय. रेणू म्हणजे मुळात धूळच, फुलातल्या परागालाही रेणू म्हणत. म्हणजे बघा, आपल्या परंपरेतला हा रेणू आधीपासूनच लहान कण जुळून झालेला आणि अणू त्याच्या आतला. मराठीने मॉलिक्यूलला रेणू म्हणणं अर्थाने अगदी नेमकं बसतं, आणि खरं सांगायचं तर मला आपली जोडी हिंदीपेक्षा सरस वाटते, कारण अणू-परमाणू घाईघाईत ऐकताना एकमेकांत मिसळतात तसे अणू-रेणू मिसळत नाहीत. (पक्षपात आहे, मान्य.)

जाता जाता, तुकोबांच्या 'अणुरणीया थोकडा'मध्ये पुष्कळांना रेणू ऐकू येतो आणि म्हणतातही तसंच. तिथे रेणू नाहीये, ते उपनिषदातलं 'अणोरणीयान्' आहे, अणूहूनही लहान.

आणि हा घोळ फक्त आपल्याकडचा समजू नका. युरोपात तर पन्नास वर्षं चालला होता. अणुसिद्धांत मांडणारा इंग्रज शास्त्रज्ञ डाल्टन पाण्याच्या कणालाही ॲटमच म्हणायचा, संयुक्त ॲटम, आणि त्यात एक हायड्रोजन एक ऑक्सिजन धरायचा. १८११ साली इटलीच्या ॲव्होगॅड्रोने अणू आणि रेणू वेगळे धरणारी मांडणी केली पण फार कुणी मनावर घेतली नाही, शेवटी १८६० मध्ये जर्मनीत कार्ल्सरुहला रसायनशास्त्रज्ञांची मोठी परिषद भरली तीच मुळी ॲटम कशाला म्हणायचं आणि मॉलिक्यूल कशाला हे ठरवायला, आणि तिथे त्याच्याच देशाच्या कॅनिझारो या रसायनशास्त्रज्ञाने ॲव्होगॅड्रोचं म्हणणं परत पुढे आणलं तेव्हा कुठे गाडी रुळावर यायला लागली. तेव्हा भाचीला म्हणावं, गोंधळ झाला तर लाजायचं कारण नाही.

यातूनच पुढचा खड्डा येतो तो 'आण्विक'चा. मराठी कानाला आण्विक म्हटलं की शस्त्रं आणि भट्ट्याच आठवतात. हिंदीत मात्र मॉलिक्यूलर बायॉलॉजीला आणविक जीवविज्ञान म्हणतात, आणि गंमत म्हणजे बातम्यांत तेच लोक आणविक हथियारही म्हणतात. आपल्याकडे डीएनए वगैरेंच्या अभ्यासाला रेणवीय जीवशास्त्र म्हणायचं. तसंच हिंदीतलं अणुसूत्र म्हणजे आपलं रेणुसूत्र, इंग्रजीत मॉलिक्यूलर फॉर्म्युला. सोपी खूण सांगतो, वाक्यात 'परमाणु' दिसला की समजायचं आपण हिंदीच्या शिडीवर आहोत, सगळं एक पायरी सरकवून वाचायचं. आणि लिहिताना सुटा शब्द अणू, रेणू असा दीर्घ, समासात मात्र अणुऊर्जा, रेणुसूत्र असा ऱ्हस्व.

बायॉलॉजीत अशी आणखी एक जोडी तिला रोज भेटेल, पेशी आणि स्नायू. आपल्याकडे सेल म्हणजे पेशी, आणि ती घराघरात रुळलीय, लॅबचा रिपोर्ट हातात आला की आजीसुद्धा विचारते पांढऱ्या पेशी वाढल्यात का. हिंदीत सेल म्हणजे कोशिका आणि पेशी म्हणजे मसल, मांसपेशी. मसलला आपण स्नायू म्हणतो तर हिंदीत स्नायु म्हणजे हाडाला हाड बांधणारा लिगामेंट, ज्याला आपण अस्थिबंध म्हणतो. इथे मात्र जुन्या अर्थाच्या जवळ हिंदी आहे हे कबूल करायला हवं. सुश्रुतसंहितेत शरीरात ५०० पेशी आणि ९०० स्नायू सांगितलेत, तिथल्या पेशी म्हणजे मांसाच्या आणि स्नायू म्हणजे बांधणारे दोर. आपण दोन्ही शब्द उचलले आणि वेगळ्याच कामाला लावले. त्याने बिघडत काही नाही, पण मराठी मुलगी हिंदीत 'पेशियों का संकुचन' ऐकते आणि तिच्या डोळ्यासमोर रक्तातल्या पेशी आकसायला लागतात, तिथे बिघडतं.

आणि क्षार! हा तर घरातच सापडेल. बोअरचं पाणी असेल तर बादलीच्या कडेला, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो, आपण म्हणतो पाण्यात क्षार जास्त आहेत. मराठीत क्षार म्हणजे सॉल्ट, घामावाटे जातात तेही क्षारच. हिंदीत सॉल्ट म्हणजे लवण, आणि क्षार म्हणजे अल्कली, आपल्या भाषेत अल्क. बेसला ते क्षारक म्हणतात, आपण आम्लारी. त्यामुळे डीएनएच्या धड्यात सर 'चार प्रकार के क्षारक' म्हणाले की भाचीने गीझर आठवायचा नाही, ते ॲडेनीन, ग्वानीन, सायटोसीन, थायमीन आहेत, नायट्रोजन असलेल्या आम्लारी. वहीत एका पानाचे तीन रकाने पाडून इंग्रजी, मराठी, हिंदी असं लिहून ठेवायला सांगा, आणि अणूच्या ओळीला लाल पेन वापरा म्हणावं.