जोडीनं देवदर्शनाला निघताय? थोडं कमी बघा

दादा, पन्नाशीनंतर लग्न केलंत आणि पहिल्याच शरदात जोडीनं गोव्यातली देवळं बघायची ठरवलीत, झकास! नवखे हमखास एक घोळ घालतात: मंगेशी, म्हार्दोळ, कवळे ही फोंड्याकडची देवळं आणि वर लांबचं तांबडी सुर्लासुद्धा एकाच दिवसात. गुडघेही जातात, मूडही.

- फोंड्याकडची दोनच देवळं धरा. नवरात्रात आलात तर रात्रीचं मखर चुकवू नका. कीर्तन संपलं की आरती होते, वाद्यांच्या तालावर देवासकट मखर झुलतं. वहिनींना पुढे उभं करा, तुम्ही मागे. फोटो नंतर.
- अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, खोली आधी विचारून ठेवा.
- दोन्हीकडच्या मुलांना एकच दिवस बोलवा, पूर्ण सहलीला नको.

त्रिपुरारी पौर्णिमेला साखळी गावात वाळवंटी नदीवर सजवलेल्या होड्या असतात, पण ते पुढच्या वर्षी. गर्दी फार.