लस घेतल्यावर ताप आलाच नाही, मग लस लागली की नाही?

ताई, आधी थेट उत्तर देते. ताप यायलाच पाहिजे असं काही नसतं. तुमच्या बाळाला दीड महिन्याचं इंजेक्शन दिलं आणि ताप आला नाही, तुम्हाला स्वतःला कोविडच्या दोन्ही डोसला काही झालं नव्हतं, आणि सासूबाई म्हणतायत की दोघांनाही लस लागलीच नाही, हे वाचून मला हसू आलं कारण अगदी हाच वाद आमच्या घरात २०२१ मध्ये चांगला रंगला होता. मी डॉक्टर नाही, पण माझ्या मोठ्या जाऊबाई उपकेंद्रात आरोग्य सेविका आहेत, म्हणजे आपण जिला सिस्टर म्हणतो त्या, त्यामुळे लस हा विषय आमच्याकडे जेवताना पण निघतो. तुम्ही अनुभव विचारलेत म्हणून जरा पसाराच मांडते, कंटाळा आला तर शेवटचं बाळाचं तेवढं वाचा.

आम्ही सातारा जिल्ह्यातले, कराडजवळचं गाव. १ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली तेव्हा सासू-सासऱ्यांना जाऊबाईंनी पहिल्या आठवड्यातच प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, कोविशिल्ड मिळाली, अर्धा तास बाकड्यावर बसवलं आणि पॅरासिटामॉलच्या गोळ्या हातात देऊन घरी पाठवलं. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, संध्याकाळी जरा कणकण वाटली, गोळी घेऊन झोपले, सकाळी उठून रानात. आईंना, म्हणजे सासूबाईंना, मात्र काहीच नाही. दंड दुखला का विचारलं तर म्हणाल्या, कुठल्या हाताला दिलं तेच आठवत नाही आता. आणि मग त्यांना काळजी लागली. माझी लस उठली नाही, मला परत घ्यायला लागणार, असं दोन दिवस चाललं होतं.

आता ही काळजी कुठून आली ते ऐका, कारण तुमच्या सासूबाईंचं पण तेच असणार. आईंच्या दंडावर देवीच्या लशीचे दोन मोठे गोल वण आहेत, आपल्याकडच्या त्या पिढीत जवळजवळ सगळ्यांना असतात. ती लस टोचली की काही दिवसांनी तिथे फोड यायचा, त्यात पू व्हायचा, ताप यायचा, मग खपली धरायची आणि वण राहायचा. आणि टोचणारा माणूस आठवड्याने परत येऊन हात बघायचा, फोड आलेला नसेल तर पुन्हा टोचायचा! म्हणजे त्या लशीपुरतं आईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, कारण त्यात जिवंत विषाणू होता आणि तो कातडीत वाढला तरच उपयोग. १९७७ मध्ये आपला देश देवीमुक्त जाहीर झाला, नंतर ती लस बंद पडली, पण तो हिशोब डोक्यात राहिला तो राहिलाच. त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अडाणी ठरवू नका, त्यांनी बघितलेलं खरंच होतं, फक्त ते दुसऱ्या लशीचं होतं.

बीसीजीचं, म्हणजे क्षयरोगाच्या लशीचं, पण थोडं तसंच. जन्मल्यावर डाव्या दंडावर देतात, तेव्हा काहीच होत नाही, काही आठवड्यांनी तिथे पुळी येते, कधी फुटते, आणि आपण घाबरतो की इन्फेक्शन झालं. हळद, मलम काही लावायचं नाही, आपोआप वाळते आणि वण राहतो. पण वण नाही आला तरी ती परत देत नाहीत, जाऊबाईंना हा प्रश्न इतक्या वेळा विचारला जातो की त्या आता प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर देतात.

असो, कोविडकडे येते. आमच्या मिस्टरांना एप्रिलच्या लाटेत कोविड होऊन गेला, साताऱ्यात तेव्हा काय परिस्थिती होती ते आठवायला पण नको, बेड मिळत नव्हते. त्यामुळे त्यांना बरं झाल्यावर तीन महिने थांबायला सांगितलं आणि मग लस. मी १८ ते ४४ मध्ये, आमचं मे महिन्यात सुरू झालं आणि साठा नाही म्हणून राज्यात लगेच थांबवलं पण, मग जूनच्या शेवटाला परत सगळ्यांना खुलं झालं. त्या कोविनवर, म्हणजे लशीच्या नोंदणीच्या सरकारी वेबसाइटवर, स्लॉट मिळवणं म्हणजे तात्काळ तिकिटासारखं, उघडलं की संपलं, शेवटी जाऊबाईंच्याच केंद्रावर पहाटे नंबर लावून टोकन घेतलं. रांगेत माझ्या पुढचा एक दांडगा पैलवान गडी सुई बघूनच आडवा झाला. तो लशीचा साइड इफेक्ट नव्हे बरं का, भीतीने आणि उपाशीपोटी आल्याने चक्कर येते, तरुण पोरांना जास्त येते, पाय वर करून झोपवलं की पाच मिनिटात ठीक. पण बाहेर गावात बातमी काय गेली, तर लस घेतली आणि माणूस पडला. त्या दिवशी निम्मी रांग घरी.

मला दुपारपर्यंत काही नाही. मी तर मनात म्हटलं आपण पण आईंच्या पार्टीत. रात्री जेवण झालं आणि जी हुडहुडी भरली ती जुलै महिन्यात दोन गोधड्या आणि वर ब्लँकेट घेऊन पण दात वाजत होते, अंग असं मोडून आलं की कूस बदलता येईना, डोकं ठणकत होतं आणि ताप १०२ च्या पुढे. गोळी घेतली की घाम येऊन उतरायचा, परत चढायचा. दुसरा दिवस झोपून काढला, तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर कडकडून भूक लागली होती, बस, संपलं. दंड मात्र पुढे बरेच दिवस दुखत होता, त्या कुशीवर झोपता यायचं नाही. मिस्टरांना माझ्याहून जास्त झालं, आधी कोविड होऊन गेलेल्यांना पहिल्या डोसला जास्त त्रास होतो असं नंतर बऱ्याच ठिकाणी दिसलं, कारण शरीराला ओळख असते. आणि कोविशिल्डचं एक होतं, पहिल्या डोसला त्रास जास्त आणि दुसऱ्याला कमी, तसंच तरुणांना जास्त आणि म्हाताऱ्यांना कमी. म्हणून आईंना काही नाही आणि मला हुडहुडी, यात काही आश्चर्य नव्हतंच.

धाकटे दीर पुण्यात, त्यांना कोव्हॅक्सिन मिळाली, ती मारलेल्या विषाणूची, तिला ताप कमी जणांना यायचा, त्यांचा नुसता हात दुखला आणि ऑफिसला सुट्टी टाकलेली फुकट गेली याचं वाईट वाटत होतं. नणंद न्यू जर्सीत, तिने मॉडर्ना घेतली, तिचं नेमकं उलटं, पहिल्याला काही नाही आणि दुसऱ्याला फणफणली, शिवाय काखेत अवधान, म्हणजे सुजलेली गाठ, आली. ती इतकी घाबरली की रात्री अपरात्री व्हिडिओ कॉल. काखेत गाठ म्हटल्यावर बाईच्या मनात काय येतं ते सांगायला नको, पण ज्या हाताला लस त्याच बाजूला आलेली होती आणि काही दिवसांनी जिरली. तिकडे तर लस घेतलेल्या बायकांना मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेला, गेल्यावर कुठल्या हाताला आणि कधी घेतली ते विचारायचे.

एक विषय बायका उघड लिहीत नाहीत म्हणून लिहिते. माझी त्या महिन्यातली पाळी पुढे गेली आणि अंगावरून जास्त गेलं. जाऊबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या बऱ्याच जणी सांगतात, पण आमच्या फॉर्मवर तो रकानाच नाही. नंतर अमेरिकेत हजारो बायकांच्या नोंदींवरून अभ्यास झाला, त्यात पाळी सरासरी एक दिवसाच्या आतबाहेर लांबते आणि मग परत जागेवर येते असं निघालं. म्हणजे आमचे भास नव्हते! पण पाळीच्या आधी-नंतर पाच दिवस लस घेऊच नका असा जो मेसेज फिरला होता तो खोटाच होता, सरकारने पण तसं सांगितलं होतं, तरी आमच्या गल्लीतल्या दोघीतिघींनी त्यापायी नंबर सोडले.

आणि ते चमचे चिकटणारं प्रकरण आठवतंय का, जून २१ मध्ये नाशिकच्या एका काकांच्या अंगाला लस घेतल्यावर चमचे-नाणी चिकटतात म्हणून टीव्हीवर दाखवत होते? आमच्या पुतण्याने लगेच मामांच्या छातीवर चमचा लावला, चिकटला, घरात आरडाओरडा. मग त्यानेच टाल्कम पावडर लावून परत लावला, सरळ खाली. घामाने चिकटत होता. मग त्याने लस न घेतलेल्या स्वतःच्या कपाळाला पण चिकटवून दाखवला.

आता ताप येतो का आणि नाही आला तरी चालतं का, हे जाऊबाईंनी आईंना सांगितलं होतं ते माझ्या शब्दात. लस टोचली की शरीराची जी पहिली फळी असते ती लगेच जागी होते, ती काही रसायनं सोडते, ती मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या जागेपर्यंत पोचली की थंडी-ताप-अंगदुखी. हे सगळं एक-दोन दिवसात आटपतं. पण खरं काम, म्हणजे अँटिबॉडी तयार होणं आणि लक्षात ठेवणाऱ्या पेशी तयार होणं, ते पुढचे दोन-तीन आठवडे गुपचूप चालू असतं आणि त्याचं आपल्याला काही कळत नाही. पहिल्या फळीचा गोंगाट कुणाकडे जास्त कुणाकडे कमी, वय, हार्मोन, आधीचा आजार यावर ते ठरतं, त्यावरून आतलं काम मोजता येत नाही. आईंची पुढे दुसऱ्या कारणाने रक्त तपासणी होती तेव्हा दीरांनी हट्टाने अँटिबॉडी पण करून घेतली, भरपूर निघाल्या. (अर्थात मधे गावात लाट येऊन गेली होती, त्या लशीच्या की न कळता होऊन गेलेल्या कोविडच्या हे देव जाणे, पण आईंची समजूत पटली.) आणि गंमत म्हणजे कोविड लशींच्या चाचण्यांमध्ये ज्यांना लस न देता नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं त्यांच्यातल्या पण बऱ्याच जणांनी डोकं दुखतंय, थकवा आलाय असं सांगितलं होतं. तेव्हा त्रासावरून लस ओळखायला गेलात तर मिठाचं पाणी पण पास होईल.

मी सगळं गोडगोड लिहितेय असं वाटायला नको. कोविशिल्डमुळे फार क्वचित रक्ताच्या गाठी होऊन प्लेटलेट कमी व्हायचे प्रकार झाले, ते खरे आहेत, त्यात माणसं गेली आहेत. मे २०२१ मध्ये लशीच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या आपल्याकडच्या समितीने जे आकडे दिले त्यात गाठींच्या अशा संशयित केसेस दहा लाख डोसमागे ०.६१ होत्या, ब्रिटनमध्ये तेव्हा ४ सांगत होते. २०२४ मध्ये ब्रिटनच्या कोर्टातल्या कागदांत कंपनीने हे क्वचित होऊ शकतं असं मान्य केल्याची बातमी आली तेव्हा आमच्या ओळखीच्या एका काकांनी तीन वर्षांपूर्वीच्या डोससाठी जाऊन डी-डायमर, म्हणजे गाठींसाठीची रक्ततपासणी, करून घेतली, दीर पण निघाले होते, जाऊबाईंनी थांबवलं. तो प्रकार झालाच तर लस घेतल्यापासून साधारण ४ ते ४२ दिवसांत होतो, तीन वर्षांनी नाही. माझी तक्रार एकच आहे, हे २०२१ मध्येच केंद्रावर मोठ्या अक्षरात लावायला हवं होतं, की खूप डोकं दुखलं, दम लागला, पाय सुजला, पोट दुखायचं थांबेना किंवा अंगावर लाल बारीक ठिपके आले तर लगेच या. आम्हाला एवढंच सांगितलं की ताप आला तर गोळी घ्या.

आता तुमच्या बाळाचं. दीड महिन्याला डाव्या मांडीत जी पेंटा, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, देतात तिच्यातला डांग्या खोकल्याचा भाग ताप आणणारा असतो, सरकारी केंद्रात पूर्ण जंतूवाली मिळते, खाजगीत ती 'पेनलेस' म्हणून महागातली मिळते तिला ताप कमी येतो. तुम्ही बाळाला खाजगीत दिली असेल तर तिथेच उत्तर आहे, आणि सरकारी घेतली असेल तरी बरीच बाळं बिनतापाची राहतात. माझ्या मुलाला दीड महिन्याला नुसती मांडी लाल झाली, अडीचला रात्रभर रडून घर डोक्यावर घेतलं, साडेतीनला परत काही नाही. एकच मूल, एकच लस, तिन्ही वेळेला वेगळं. मांडीत वाटाण्याएवढी गाठ मात्र आठवडे राहिली होती, दुखत नव्हती, ती आपोआप गेली, तिला चोळायचं नाही. वाटल्यास थंड पाण्याची घडी ठेवायची.

पुढच्या वेळी अडीच महिन्याला ताप आला तर पॅरासिटामॉलचे थेंब बाळाच्या वजनावर असतात, त्यामुळे शेजारणीच्या बाळाचा डोस विचारू नका, इंजेक्शन देतानाच सिस्टरकडून कार्डवर लिहून घ्या. ताप नसताना आधीच पाजून ठेवायचं नाही. इंजेक्शननंतर अर्धा तास तिथेच बसा, लगेच येणारी ॲलर्जी असेल तर बहुधा तेवढ्यातच कळते, बसस्टॉपवर नाही कळली पाहिजे. आणि बाळ सलग तीन तास न थांबता रडलं, झटके आले, अंग ढिलं पडलं किंवा दूध ओढेनासं झालं तर रात्र असली तरी दवाखान्यात जा, आणि पुढचा डोस द्यायच्या आधी हे सिस्टरला आठवणीने सांगा, मग ते कुठली लस द्यायची ते बघतात. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांच्या दंडावरचा वण दाखवायला सांगा, मग बोला त्यांच्याशी.